मापात पाप नको : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

गेल्या अंकात एका जुन्या ड्रॅग रेसिंग (सरळ पाव मैलाची शर्यत) गाडीच्या मॉडेलचा फोटो छापला आणि पत्रांचा ढीग लागला. विमानं आणि जहाजंवाल्यांनी या महिन्यात जरा दम धरावा, त्यांची पाळी पुढच्या अंकात. नव्या वाचकांसाठी सांगतो : मी शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीसाठी लाकडी पॅटर्न करायचो. सगळी उमर मापाशी झटापट करण्यात गेली, त्यामुळे माझी उत्तरं फिरून फिरून मापावरच येतात. ज्यांना फक्त रंगाच्या गप्पा हव्यात त्यांनी चौथ्या प्रश्नावर उडी मारावी.

प्रश्न : भाच्यानं अमेरिकेहून रेव्हेलचं १९४१ विलीज कूपेचं १/२५ मापाचं प्लास्टिक किट आणून दिलंय. डब्यावर आहे तशी गाडी मला करायची नाही. नाक वर केलेली, बॉनेटमधून ब्लोअर (इंजिनात हवा कोंबणारा पंप) बाहेर आलेली, साठच्या दशकातली 'गॅसर' करायची आहे, पण माझ्या मनातली. सुरुवात कुठून करू?
– एक वाचक, सांगली

उत्तर : डबा बंद करा आणि आधी फोटो शोधा. मनातली गाडी करा की, कोण नको म्हणतंय? पण मनात आधी खरी गाडी बसली पाहिजे. साल ठरवा. १९६२ची गाडी वेगळी, १९६६ची वेगळी. स्टोन-वुड्स-कुक यांची निळी विलीज घ्या. फ्रेड स्टोन आणि टिम वुड्स हे लॉस एंजेलिसकडचे कृष्णवर्णीय मालक, चालवायला गोरा डग कुक. त्या काळच्या अमेरिकेत अशी जोडी सहज दिसत नव्हती. त्यांच्या गाडीत आधी ऑल्ड्समोबिलचं इंजिन होतं, पुढे क्रायसलरचं हेमी (अर्धगोल ज्वलनकक्षाचं इंजिन) आलं. इंजिन बदललं की एक्झॉस्ट बदलतो, बॉनेटचं भोक बदलतं, वजन बदलतं. फोटोवर साल लिहून भिंतीला लावा आणि त्या सालात नव्हतं ते पार्ट्सच्या डब्यात कितीही चमकत असलं तरी लावू नका. १९६२च्या गाडीला सत्तरच्या दशकातले रुंद टायर लावलेली मॉडेलं मी प्रदर्शनात बघतो. मागून बघितलं की जीव जातो.

विलीजच का, हेही समजून घ्या. आपल्याकडे विलीज म्हणजे जीप. महिंद्रांनी स्वातंत्र्यानंतर मुंबईत जी जीप जोडायला घेतली ती याच कंपनीची. पण ओहायोतल्या टोलेडोच्या या विलीज-ओव्हरलँडनं युद्धाआधी छोट्या, हलक्या, स्वस्त मोटारीही काढल्या होत्या. पन्नासच्या दशकात त्या जुन्या बाजारात मातीमोल झाल्या. हलकी बॉडी, आखूड लांबी, वर मोठं व्ही-८ इंजिन घालायला जागा : पाव मैलाच्या शर्यतीला आणखी काय पाहिजे? 'गॅसर' म्हणजे गॅस क्लासची गाडी. या क्लासमध्ये गाडी पंपावरच्या पेट्रोलवर पळवायची, नायट्रोमिथेन चालायचं नाही, आणि इंजिनच्या क्षमतेच्या मानानं गाडीचं वजन किती यावर वर्ग ठरायचा. म्हणून पहिलवानाचं इंजिन आणि पोराचं वजन असलेली गाडी सगळ्यांना हवी होती.

आता माप. १/२५ या प्रमाणाची एक गंमत आहे. खऱ्या गाडीचा एक इंच म्हणजे मॉडेलवर १.०१६ मिलिमीटर. म्हणजे इंचाला मिलिमीटर म्हणा आणि साधी स्टीलची पट्टी घेऊन कामाला लागा. १९४१च्या विलीजच्या पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर १०४ इंच, मॉडेलवर १०५.७ मिमी. तुमच्या किटवर हे मोजून बघा. जुन्या साच्यातलं किट असेल तर थोडं इकडेतिकडे सापडेल, ते आत्ताच कळलेलं बरं.

नाकाबद्दल. नवशिके गाडीचं तोंड आभाळाकडे करतात. तेव्हाच्या नियमांत क्रँकशाफ्टची (इंजिनच्या मुख्य फिरत्या दांड्याची) मध्यरेषा जमिनीपासून २४ इंचांहून उंच चालत नव्हती, आणि इंजिन मागे सरकवायचं तर चाकांमधल्या अंतराच्या दहा टक्केच. ते मोजायचं पुढच्या चाकाच्या मध्यापासून इंजिनच्या पहिल्या स्पार्क प्लगपर्यंत. तुमच्या मॉडेलवर त्याचा अर्थ असा : क्रँकची रेषा जमिनीपासून २४ मिमीच्या आत, इंजिन दहा मिमीच्या आसपास मागे. एवढं धरलं की बाकीची उंची आपोआप बेतात येते.

एक जाड काच टेबलावर ठेवा. बॉडी, चेसिस, चाकं, इंजिन मास्किंग टेपनं आणि चिकटमातीनं नुसती टेकवून उभी करा. गोंदाला हात लावू नका. डोळा काचेच्या पातळीवर आणा आणि शेजारी फोटो धरा. किटमधला पुढचा सस्पेन्शनचा भाग पटला नाही तर काढून सरळ धुरा करा : खरी धुरा दोन-अडीच इंच जाडीची, म्हणजे तुम्हाला दोन-अडीच मिमीची पितळी नळी लागेल. पाट्यांच्या स्प्रिंगला स्टायरीनच्या पाव मिमी जाड, दोन मिमी रुंद पट्ट्या एकावर एक, प्रत्येक खालची आधीपेक्षा आखूड. कोल्हापूरवाल्यांना पितळी नळी गुजरीत सोनारांच्या सामानाच्या दुकानात मिळते. तुमच्याकडेही सराफ कट्ट्याजवळ विचारा. मागच्या चाकाची कमान गोल कापावी लागेल. कापायच्या आधी दहा इंची स्लिक (गुळगुळीत) टायर आत धरून पेन्सिलनं गिरवा, आणि रेषेच्या अर्धा मिमी अलीकडे कापा. उरलेलं कानशीनं जाईल. जास्त कापलेलं मात्र लांबी (पुट्टी) भरून परत आणावं लागतं, आणि त्या पातळ कडेला लांबी टिकत नाही.

पुढचा बंपर काढून दोन चेसिस रेलच्या मध्ये गोल ॲल्युमिनियमची टाकी बसवा. तिला मून टँक म्हणतात, कॅलिफोर्नियातल्या सांता फे स्प्रिंग्जच्या डीन मून यांच्या कारखान्यावरून. ती टाकी किटमध्ये क्रोमची येते. क्रोम नको, घासलेलं ॲल्युमिनियम पाहिजे. पांढऱ्या कपड्यांच्या ब्लीचमध्ये भाग बुडवून ठेवला की क्रोम उतरतं. खिडकी उघडी ठेवा आणि त्या ब्लीचमध्ये ॲसिड किंवा संडास साफ करायचं कसलंही द्रावण चुकूनही मिसळू नका, विषारी वायू निघतो.

प्रश्न : इंजिनला प्लगच्या वायरी लावायच्या आहेत. कोणती तार घेऊ? आणि डिस्ट्रिब्युटर पुढे की मागे? नेटवर दोन्ही दिसतं.
– एक वाचक, ठाणे

उत्तर : दोन्ही दिसतं कारण हेमी दोन आहेत. पन्नासच्या दशकातलं ३९२ घनइंचाचं क्रायसलर हेमी, त्याचा डिस्ट्रिब्युटर (प्लगांना वीज वाटणारा भाग) मागे, फायरवॉलच्या (इंजिन आणि चालक यांच्यामधल्या पत्र्याच्या) बाजूला. १९६४ला आलेल्या ४२६ हेमीचा पुढे. तुमचं साल १९६४च्या आधीचं असेल तर प्रश्नच मिटला. शर्यतीच्या गाड्यांत त्याच जागी बहुतेक वेळा मॅग्नेटो (ठिणगीची वीज स्वतःच तयार करणारा) असायचा, तो डिस्ट्रिब्युटरपेक्षा जाडजूड दिसतो.

हेमीची ओळख म्हणजे प्लग व्हॉल्व्ह कव्हरच्या मधोमध बसतात, बाजूला नाहीत. प्रत्येक कव्हरवर चार भोकं, तीच तुमची जागा. खरी वायर सात-आठ मिमी जाड, २५नं भागली की ०.३ मिमीच्या आसपास. मोटार रिवाइंडिंगवाल्याकडे जा आणि ३० नंबरची तार मागा : ०.३१५ मिमी, बरोब्बर. तुकडा फुकट देईल. तांबडी झाक नको असेल तर काळ्या रंगात बुडवून वाळवा. भोकं पाडायला इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात सर्किट बोर्डाची ०.३५ मिमीची ड्रिल बिट आणि हातानं फिरवायचा पिन व्हाइस. मशीन नको, प्लास्टिक वितळून बिटला चिकटतं आणि बिट कटकन मोडते.

आता कुठली वायर कुठे? क्रायसलरचा फायरिंग क्रम, म्हणजे सिलिंडर पेटायचा क्रम, १-८-४-३-६-५-७-२. चालकाच्या डाव्या हाताला समोरून मागे १, ३, ५, ७ आणि उजव्या हाताला २, ४, ६, ८. मॅग्नेटोच्या टोपणावर क्रमानं फिरत जा. कुणी तपासत नाही, असं म्हणू नका. प्रदर्शनात एखादा जुना मेकॅनिक हमखास असतो, आणि तो तिथेच उभा राहून बोट फिरवतो.

ब्लोअर ६-७१ असेल. जनरल मोटर्सच्या दोन-स्ट्रोक डिझेल इंजिनवरचा हा ब्लोअर : सहा सिलिंडर, प्रत्येकी ७१ घनइंच. गुणाकार ४२६ येतो आणि हेमीही ४२६. निव्वळ योगायोग, त्यातून काही निघत नाही, पण चहाला बरा विषय. डिझेलच्या ट्रक-बसमध्ये तो सिलिंडर साफ करायला हवा ढकलायचा, इथे इंजिनात हवा कोंबतो. समोरचा पट्टा दाती असलेला दाखवा. किटमधला गुळगुळीत पट्टा फार डोळ्यांत येतो.

प्रश्न : मी नववीत आहे. पुढचा भाग इतका वर का ठेवायचे? वाऱ्यामुळे गाडी उडणार नाही का? आणि मुली हे रेसिंग करायच्या का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : छान प्रश्न विचारलास. गाडी एकदम पुढे झेपावते तेव्हा वजनाचा जोर मागच्या चाकांवर सरकतो. गाडीचा गुरुत्वमध्य जितका उंच, तितका जास्त सरकतो. तेव्हाच्या टायरना पकड कमी होती, चाकं जागेवरच फिरायची आणि नुसता धूर निघायचा. म्हणून नाक वर करून गुरुत्वमध्य उंच न्यायचा आणि मागच्या टायरला जमिनीवर दाबायचं. वाऱ्याचं म्हणणं तुझं खरं आहे, वेग वाढला तसं ते नाक अडचणीचंच होत गेलं. पुढे टायर आणि चेसिस सुधारले आणि साठच्या दशकाच्या शेवटी गाड्या खाली बसल्या. तुझ्या शाळेच्या भौतिकशास्त्राच्या सरांना बल आणि भुजा याच्यावर प्रश्न म्हणून हे विचार, त्यांना आवडेल.

मुलींचं : शर्ली मल्डाउनी हे नाव लिहून ठेव. १९६५ला तिला नॅशनल हॉट रॉड असोसिएशनचं लायसन्स मिळालं, आणि सगळ्यांत जोरकस अशा टॉप फ्युएल वर्गात ती १९७७, १९८० आणि १९८२ अशी तीनदा विजेती ठरली. तिची गाडी गुलाबी. ड्रॅगस्टर, म्हणजे फक्त या शर्यतीसाठीच बांधलेली गाडी, लांबलचक असतो, करायला विलीजपेक्षा सोपा पण ठेवायला अवघड. आधी कपाट मोज.

प्रश्न : स्प्रे कॅननं रंगवलेली बॉडी खडबडीत येते, आणि पावसाळ्यात लॅकर पांढुरकं पडलं. मेटॅलिक रंग मापात कसा दिसेल?
– एक वाचक, पुणे

उत्तर : पांढुरकं पडणं हा पावसाचा प्रताप. थिनर उडताना पृष्ठभाग गार होतो आणि हवेतलं पाणी रंगावर बसतं. कोल्हापुरात जुलै-ऑगस्टमध्ये मी बॉडीला लॅकर लावतच नाही, त्या दिवसांत इंजिन आणि सीटांचं काम करतो. घाईच असेल तर गॅरेजवाले उशिरा उडणारं रिटार्डर थिनर वापरतात, ते थोडं मिसळा.

खडबडीचं कारण अंतर. लांबून मारलं की थेंब हवेतच वाळतो आणि वाळूसारखा येऊन बसतो. उघड्या स्टायरीनवर ओलं लॅकर मारलंत तर प्लास्टिकवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या भेगा येतील, म्हणून प्रायमर आधी हलक्या फवाऱ्यात, दोन थरांत वेळ सोडून. वॉटर पेपर पाण्यात बुडवून, साबणाचा थेंब टाकून घासा. बॉडी त्याआधी भांडी घासायच्या साबणानं धुतलेली हवी, साच्याचं तेल राहिलं तर रंग धरत नाही.

माझा मुख्य आग्रह जाडीबद्दल आहे. खऱ्या गाडीच्या रंगाची जाडी २५नं भागायला गेलात तर इतकी पातळ येते की कॅन सोडा, एअरब्रशलाही जमणार नाही. रंग जाडच बसणार. मग दाराच्या आणि बॉनेटच्या फटी बुजतात आणि गाडी साबणाच्या वडीसारखी दिसते. उपाय रंगाआधीच करायचा : कटरच्या ब्लेडची पाठ फटीतून अलगद ओढून त्या थोड्या खोल करा. मेटॅलिकच्या कणांचंही तेच. गॅरेजच्या रंगातला चकाकी कण मापात मोठा दिसतो. नेलपॉलिशमधल्या बारीक अभ्रकाची पूड बरी. आणि 'बिग जॉन' मझ्मानियनच्या विलीजसारखा कँडी लाल हवा असेल तर खाली सोनेरी किंवा रुपेरी थर, वर पारदर्शक लाल. प्रत्येक थरानं रंग गडद होत जातो, म्हणून चमच्यावर आधी करून बघा. दिवसाच्या उजेडात बघा, ट्यूबखाली सगळंच छान दिसतं.

प्रश्न : आमचे चिरंजीव खोलीचं दार लावून गोंद आणि थिनर घेऊन बसतात. काळजी करावी का?
– एक आई, रत्नागिरी

उत्तर : करा, ताई. छंदाची नको, बंद दाराची करा. गोंद म्हणजे प्लास्टिक विरघळवणारं द्रावण, त्याची वाफ डोक्यात जाते. खिडकी उघडी, पंखा बाहेर तोंड करून, रंगाला मास्क, आणि जवळपास गॅस किंवा उदबत्ती नको. ब्लेड बोटाकडे ओढायचं नाही, हे एकदा शेजारी बसून दाखवा. बाकी मुलगा घरातच आहे आणि हातानं काही करतोय, याचा मला आनंदच वाटतो.

प्रश्न : मी सॅन होजेला असतो. पोमोनाच्या ड्रॅग रेसिंग संग्रहालयात जाणार आहे. मॉडेलसाठी कसे फोटो काढू?
– एक वाचक, कॅलिफोर्निया

उत्तर : भाग्यवान आहात. गुडघे टेका आणि चाकाच्या मध्याच्या उंचीवरून फोटो घ्या; उभ्यानं काढलेल्या फोटोवरून उंची कधीच कळत नाही. बाजूचा, समोरचा, मागचा, मग पुढची धुरा, स्प्रिंगचे कान, टाकी कशी बांधली आहे. माहीत असलेल्या आकाराची एखादी गोष्ट, नाणंसुद्धा, फोटोत दिसेल अशी ठेवा, पण गाडीवर ठेवू नका. आणि एक शंका मनात बाळगा : नव्यानं सजवलेली गाडी जन्मात कधी नव्हती इतकी चमकते. त्या काळचा काळापांढरा फोटो जे सांगतो तेच खरं धरा.

तिथे पुढे इंजिन असलेला आणि चालक मागच्या धुरेच्याही मागे बसलेला ड्रॅगस्टर दिसला तर त्याच्या क्लचच्या कव्हराकडे बघा, ते चालकाच्या पायांजवळच असतं. नावाजलेला ड्रॅग रेसर डॉन गार्लिट्स अशाच गाडीत होता. १९७०च्या मार्चमध्ये लायन्स ड्रॅग स्ट्रिपवर ट्रान्समिशन फुटलं, गाडीचे दोन तुकडे झाले आणि त्याच्या उजव्या पायाचा काही भाग गेला. बरा होता होता त्यानं इंजिन पाठीमागे घातलेली गाडी आखली आणि १९७१ची विंटरनॅशनल्स शर्यत, त्याच पोमोनात, जिंकली. तुम्हाला आजचा कुठलाही ड्रॅगस्टर मागच्या इंजिनाचा दिसेल तो यामुळे. मॉडेल करायला मात्र जुनाच घ्या, समोर सगळं इंजिन उघडं, लपवायला काही नाही आणि लपायलाही नाही.

प्रश्न : विलीज झाली, आता ट्रॅकचा देखावा करतोय. दिव्यांचा खांब लावू का? आणि काचेवर वर्ग लिहायला कुठला फॉन्ट?
– एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : गाडीचं साल १९६३च्या आधीचं असेल तर खांब नको, झेंडा हातात घेतलेला माणूस उभा करा. ते 'ख्रिसमस ट्री' दिवे १९६३ला आले. अख्खा ट्रॅक करायच्या फंदात पडू नका. पाव मैल म्हणजे १३२० फूट, २५नं भागून ५२.८ फूट. एवढी खोली तुमच्याकडे असेल तर तिचा दुसरा उपयोग करा. सुरुवातीची रेष, रबराचे काळे पट्टे आणि दोन फूट डांबर पुरे.

फॉन्ट कसला? ते लोक काचेवर वर्ग आणि नंबर पांढऱ्या बूट पॉलिशनं हातानं लिहायचे. शर्यत संपली की पुसायचे. शून्य नंबरचा ब्रश, पातळ केलेला पांढरा रंग, आणि अक्षरं थोडी वाकडी. शेवटच्या रेघेला ब्रशमधला रंग संपत आलेला दिसू द्या, खऱ्या फोटोत तसंच दिसतं. डेकल (पाण्यात भिजवून चिकटवायचं छापील चित्र) लावलंत तर मात्र पुढच्या महिन्यात फोटो पाठवू नका, छापणार नाही.